शनिवारच्या सामन्यांची किंमत

२१ जुलै २०२१. अलाबामातल्या हूवर गावात साउथईस्टर्न कॉन्फरन्सचा, म्हणजे एसईसीचा, वार्षिक पत्रकार मेळावा भरला होता. फुटबॉलचा मोसम तोंडावर आला होता आणि प्रशिक्षक पाळीपाळीनं मंचावर येऊन आपल्या संघाच्या तयारीबद्दल बोलत होते. त्याच दुपारी ‘ह्यूस्टन क्रॉनिकल’नं बातमी फोडली: टेक्सस आणि ओक्लाहोमा ही दोन बलाढ्य विद्यापीठं बिग ट्वेल्व्ह कॉन्फरन्स सोडून एसईसीत यायच्या बेतात आहेत. मेळाव्यातले सगळे प्रश्न जागच्या जागी बदलले. टेक्सस ए अँड एम विद्यापीठ नऊ वर्षांपूर्वी एसईसीत आलं होतं, ते बऱ्याच अंशी टेक्ससच्या सावलीतून बाहेर पडायला. त्यांचे क्रीडा संचालक रॉस ब्योर्क हूवरमध्येच होते. टेक्सस राज्यातून एसईसीत आम्ही एकटेच असावं, असं त्यांनी पत्रकारांना सांगून टाकलं. आठ दिवसांनी एसईसीच्या चौदा विद्यापीठांनी मतदान केलं. नव्या दोघांच्या बाजूनं चौदा मतं पडली, विरोधात एकही नाही.

पर्ड्यू, मिशिगन, टेक्सस ए अँड एम ही नावं मराठी घरांना इंजिनियरिंगच्या पदव्युत्तर प्रवेशांमुळे ओळखीची आहेत. अमेरिकेतल्या सर्वसामान्य माणसाला मात्र ती शनिवारच्या फुटबॉलमुळे ठाऊक असतात. हा फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, चेंडू हातात घेऊन खेळला जाणारा त्यांचा खेळ. शनिवारी विद्यापीठांचे सामने, रविवारी व्यावसायिक संघांचे, अशी तिथली जुनी वाटणी आहे. मिशिगनच्या स्टेडियममध्ये एका सामन्याला एक लाखाहून अधिक माणसं बसतात. ही विद्यापीठं आपापसांत गट करून खेळतात आणि त्या गटाला कॉन्फरन्स म्हणतात. कोणी कोणाशी खेळायचं, खेळाडूंसाठी नियम काय आणि आलेला पैसा कसा वाटायचा, हे कॉन्फरन्स ठरवते.

गेली पंधरा-वीस वर्षं या कॉन्फरन्सेसची इतकी मोडतोड झाली आहे की दर उन्हाळ्यात कोण कुठे चाललं याच्या वावड्या उठतात आणि लाखो लोक त्या गांभीर्यानं ऐकतात. ऐकण्यात त्यांची चूक नाही. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या संस्था आपलं शतकाचं घर बंद दाराआड बदलतात, तेव्हा बाहेरच्यांच्या हाती अफवेखेरीज काही उरत नाही. आणि ती घरं बदलण्यामागे एक सूत्र सापडतं: दूरचित्रवाणीनं पैसे मोजायची रीत बदलली की देशाचा फुटबॉलचा नकाशा बदलतो.

हा नकाशा प्रथम काढला गेला तेव्हा पैशाचा संबंध नव्हता असं नाही, पण काळजी वेगळी होती. १८९५ च्या जानेवारीत पर्ड्यूचे अध्यक्ष जेम्स स्मार्ट यांनी मध्य-पश्चिमेतल्या विद्यापीठांच्या अध्यक्षांना शिकागोच्या पामर हाउस हॉटेलात बोलावलं. संघातून भाडोत्री खेळाडू उतरवले जात होते. वर्गाचं तोंड न पाहिलेले गडी शनिवारी विद्यापीठाचा सदरा घालत होते. जो खरोखर शिकतो त्यानंच खेळावं, हा नियम करायला ही मंडळी जमली होती. पुढच्या वर्षी, १८९६ मध्ये, सात विद्यापीठांची कॉन्फरन्स उभी राहिली आणि तिचा कारभार प्राध्यापकांच्या प्रतिनिधींकडे गेला. हीच आजची बिग टेन. पश्चिम किनाऱ्यावर १९१५ मध्ये पोर्टलंडच्या ओरेगन हॉटेलात कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगन आणि आजचं ओरेगन स्टेट या चौघांनी पॅसिफिक कोस्ट कॉन्फरन्स काढली. तिचाच वारसा पुढे पॅक-टेन आणि मग पॅक-ट्वेल्व्ह या नावांनी चालला. रेल्वेनं जाऊन येता येईल एवढ्या अंतरातले हे शेजारी होते.

देशभरच्या शिस्तीसाठी एनसीएए ही संस्था आली ती मैदानावरच्या मृत्यूंमुळे. १९०५ मध्ये खेळ इतका रक्तरंजित झाला की राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसमध्ये बोलावून सुधारणा करायला सांगितलं. पुढच्या वर्षी संस्था स्थापन झाली आणि १९१० मध्ये तिला आजचं नाव मिळालं.

३० सप्टेंबर १९३९ रोजी न्यू यॉर्कच्या रँडल्स बेटावर फोर्डम आणि वेन्सबर्ग यांच्यात सामना झाला आणि तो दूरचित्रवाणीवरून दाखवला गेला. कॉलेज फुटबॉलचं हे पहिलं प्रक्षेपण. शहरात टीव्ही संचच थोडे होते, त्यामुळे कुणाला त्याची चिंता वाटली नाही. चिंता सुरू झाली १९५० च्या सुमारास, घरोघरी संच आल्यावर. माणूस घरी बसून फुकट सामना पाहू लागला तर तिकीट कोण काढणार? कॉलेजांचं उत्पन्न तेव्हा जवळजवळ सगळं तिकीटविक्रीचं होतं, म्हणून टीव्हीकडे त्यांनी पहिल्यांदा पाहिलं ते चोर म्हणून. जानेवारी १९५१ मध्ये डॅलसच्या अधिवेशनात एनसीएएच्या सभासदांनी थेट प्रक्षेपणावर निर्बंध आणायचा ठराव १६१ विरुद्ध ७ मतांनी मंजूर केला.

त्या सातांच्या बाजूला फिलाडेल्फियाचं पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठ होतं. फिल्को कंपनीच्या मदतीनं ते १९४० पासून आपले घरचे सामने दाखवत होतं आणि तरीही त्यांचं फ्रँकलिन फील्ड भरत होतं. त्यांनी एबीसी वाहिनीशी २ लाख डॉलरचा करार केला आणि आम्ही सामने दाखवणारच म्हणून जाहीर केलं. एनसीएएनं त्यांना वाळीत टाकलं: पेन आता मान्यताप्राप्त सभासद नाही, तेव्हा त्यांच्याशी कुणी खेळू नये. आणि जुन्या जुन्या प्रतिस्पर्ध्यांनी खरोखरच कळवलं की आम्ही मैदानावर येणार नाही. पुढ्यात संघच नसेल तर दाखवणार काय? काही आठवड्यांत पेननं माघार घेतली. एनसीएएचे नवे कार्यकारी संचालक वॉल्टर बायर्स यांना या एका प्रसंगातून संस्थेची खरी ताकद कळली. १९५२ मध्ये एनबीसीशी सुमारे ११ लाख ४४ हजार डॉलरचा करार झाला. आठवड्याला देशभर एक सामना, आणि कुठलाही संघ मोसमात एखाद्याच वेळा पडद्यावर. गेटावरची विक्री वाचवण्यासाठी आणलेली बंदी अशी मक्तेदारी होऊन बसली.

ही व्यवस्था बत्तीस वर्षं टिकली. तिच्यात अन्याय होता, पण एक गोष्ट तिनं सांभाळली, ती म्हणजे नकाशा. पैसा वरून ठरावीक प्रमाणात येत असल्यामुळे कॉन्फरन्स बदलून कुणाला फारसं काही मिळण्यासारखं नव्हतं.

मोठ्या संघांना मात्र ही समानता बोचत होती. त्यांच्यामुळे लोक टीव्ही लावत आणि वाटा मात्र सर्वांना मिळे. १९७७ मध्ये साठेक बड्या विद्यापीठांनी कॉलेज फुटबॉल असोसिएशन काढली. बिग टेन आणि पॅक-टेन तेवढे बाहेर राहिले. १९८१ मध्ये या असोसिएशननं एनबीसीशी चार वर्षांसाठी १८ कोटी डॉलरचा स्वतंत्र करार केला. एनसीएएनं एबीसी आणि सीबीएस यांच्याशी प्रत्येकी १३ कोटींहून अधिक रकमेचे करार केले होतेच. तिनं पुन्हा वाळीत टाकायची धमकी दिली, तीही फक्त फुटबॉलपुरती नाही, सगळ्या खेळांमध्ये. पेननं मान तुकवली होती. ओक्लाहोमा आणि जॉर्जिया विद्यापीठं कोर्टात गेली.

खटल्यात एक उदाहरण पुढे आलं आणि निकालपत्रातही उतरलं. १९८१ च्या मोसमात ओक्लाहोमा आणि सदर्न कॅलिफोर्निया यांचा सामना दोनशेहून अधिक केंद्रांवरून दाखवला गेला. त्याच वेळी द सिटाडेल आणि ॲपलाचियन स्टेट या छोट्या संघांचा सामना चार केंद्रांवर होता. चारही संघांना सारखीच रक्कम मिळाली. २७ जून १९८४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सात विरुद्ध दोन मतांनी एनसीएएची योजना मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग ठरवली. निकालपत्र जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी लिहिलं. विरोधी मत बायरन व्हाइट यांचं होतं, आणि ते वाचण्यासारखं आहे, कारण न्यायाधीश होण्याआधी व्हाइट हे कोलोरॅडो विद्यापीठाचे देशभर गाजलेले फुटबॉलपटू होते. कॉलेजचा खेळ हा निव्वळ व्यापार नाही आणि बेलगाम व्यापारापासून त्याला राखण्याचं काम ही योजना करते, असा त्यांच्या मताचा रोख होता. कायद्याच्या अंगानं बहुमत बरोबर असेल. पुढची चाळीस वर्षं पाहिली की व्हाइट यांना खेळाडूच्या नजरेनं काय दिसलं होतं ते समजतं.

निकालानंतर लगेच घबाड हाती लागेल असं बड्या संघांना वाटलं होतं. घडलं उलटं. एकदम सगळ्यांचे सामने बाजारात आले आणि १९८४ च्या मोसमात हक्कांचा भाव कोसळला. आता कमी सामने, पण मोठ्या नावांचे, एकत्र बांधून विकणाऱ्याला किंमत येणार होती. एनसीएए बाजूला झाली होती. ही मोट बांधायला शेवटी उरल्या त्या कॉन्फरन्सेस. प्राध्यापकांनी शिस्तीसाठी काढलेले गट इथून पुढे विक्रीचे गट झाले.

पहिला घाव नोत्र दामनं घातला. फेब्रुवारी १९९० मध्ये या कॅथलिक विद्यापीठानं कॉलेज फुटबॉल असोसिएशनच्या सामाईक करारातून बाहेर पडून एनबीसीशी एकट्यापुरता करार केला: १९९१ पासून पाच वर्षं, ३ कोटी ८० लाख डॉलर. त्याच वर्षी एसईसीचे नवे कमिशनर, म्हणजे प्रमुख, रॉय क्रेमर यांनी आर्कान्सा आणि साउथ कॅरोलायना यांना आत घेतलं. त्यामागे एनसीएएच्या नियमांतलं एक बारीक कलम होतं. बारा संघांची कॉन्फरन्स दोन विभागांत वाटली तर विभागविजेत्यांमध्ये एक जादा सामना खेळवता येत असे. ही सवलत १९८७ मध्ये खालच्या श्रेणीतल्या पेन्सिल्व्हेनियाच्या एका कॉन्फरन्ससाठी आली होती. तिचा खरा उपयोग क्रेमर यांना दिसला. ५ डिसेंबर १९९२ रोजी बर्मिंगहॅमच्या लीजन फील्डवर अलाबामानं फ्लोरिडाला २८-२१ नं हरवलं. विकण्याजोगा एक नवा सामना तयार झाला होता. बारा हा आकडा तेव्हापासून सगळ्यांच्या तोंडी बसला.

आर्कान्सा गेल्यानं जे मागे राहिलं त्याची गोष्ट सगळ्यांत हुरहूर लावणारी आहे. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या साउथवेस्ट कॉन्फरन्समध्ये टेक्ससबाहेरचं ते एकमेव विद्यापीठ उरलं होतं. आता उरलेले आठही संघ एकाच राज्यातले झाले. या कॉन्फरन्सनं टेक्ससच्या गावोगावच्या शनिवारांना आकार दिला होता, पण टीव्हीच्या हिशेबात एक राज्य म्हणजे एकच बाजारपेठ. त्यात लाच देऊन खेळाडू आणण्याच्या प्रकरणांनी नाव खराब झालं होतं. १९८७ मध्ये एनसीएएनं सदर्न मेथडिस्टचा फुटबॉल संघच बंद ठेवायला लावला होता. १९९४ च्या फेब्रुवारीत टेक्सस आणि ए अँड एम बिग एट कॉन्फरन्सबरोबर जायला निघाले. तेव्हा राज्याच्या अर्थसंकल्पावर पकड असलेले उपराज्यपाल बॉब बुलक मध्ये पडले. ते टेक्सस टेक आणि बेलर या दोन्ही ठिकाणी शिकलेले होते. आमची दोन्ही विद्यापीठं बरोबर घेतल्याशिवाय तुम्ही जायचं नाही, असं त्यांनी अध्यक्षांना बजावलं. बिग एट अधिक हे चार, अशी बिग ट्वेल्व्ह झाली. राइस, सदर्न मेथडिस्ट, टेक्सस ख्रिश्चन आणि ह्यूस्टन यांच्यासाठी बोलायला सत्तेत कुणी नव्हतं. २ डिसेंबर १९९५ रोजी ह्यूस्टन आणि राइस एकमेकांशी खेळले आणि साउथवेस्ट कॉन्फरन्सचा फुटबॉल संपला.

यापुढच्या प्रत्येक फेरीत राजकारण असंच आत शिरत राहिलं. २००३ मध्ये एसीसी, म्हणजे अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्स, बिग ईस्ट कॉन्फरन्समधून संघ उचलायला निघाली, तेव्हा व्हर्जिनियाचे राज्यपाल मार्क वॉर्नर यांच्या दबावामुळे व्हर्जिनिया टेकची वर्णी लागली, आणि कनेटिकटचे महाधिवक्ते रिचर्ड ब्लूमेंथल यांनी खटला भरला. मायामी आणि बॉस्टन कॉलेज तरीही गेलेच.

दरम्यान पैसे मोजायची रीत बदलत होती. तोवर वाहिनी सामना विकत घ्यायची आणि जाहिरातींवर वसूल करायची. केबल आल्यावर दर घरामागे दर महिन्याला ठरावीक रक्कम वाहिनीला मिळू लागली, मग त्या घरात कुणी सामना पाहो वा न पाहो. बिग टेनचे कमिशनर जिम डेलेनी यांनी हे लवकर हेरलं. ३० ऑगस्ट २००७ रोजी फॉक्सच्या भागीदारीत बिग टेन नेटवर्क ही कॉन्फरन्सची स्वतःची वाहिनी सुरू झाली. दोन दिवसांनी, १ सप्टेंबरला, तिच्यावर मिशिगनचा एक सोपा मानला गेलेला सामना होता. समोर संघ होता ॲपलाचियन स्टेट, निकालपत्रात चार केंद्रांचा म्हणून नोंदलेला तोच. त्यांनी एक लाखाहून अधिक लोकांसमोर मिशिगनला ३४-३२ नं हरवलं. बऱ्याच घरांत ही वाहिनी अजून पोचलीच नव्हती, आणि कॉमकास्टसारखी मोठी केबल कंपनी तिला घ्यायला तयार नव्हती. त्या सामन्यानंतर लोकांनीच वाहिनीची चौकशी सुरू केली. पुढच्या उन्हाळ्यात कॉमकास्टशी करार झाला.

घरं मोजली जाऊ लागली, तेव्हा चांगला संघ कुठला यापेक्षा त्याच्या आसपास किती केबलची घरं आहेत हा प्रश्न मोठा झाला. मेरीलंड आणि रटगर्स यांना बिग टेननं नोव्हेंबर २०१२ मध्ये का घेतलं याचं उत्तर इथे आहे. एक वॉशिंग्टनच्या बाजारपेठेत, दुसरं न्यू यॉर्कच्या. मेरीलंडला पैशांची निकड होती. त्याच वर्षी त्यांनी तुटीपायी सात खेळांचे संघ बंद केले होते. १९५३ पासून ते एसीसीचे संस्थापक सभासद होते. बाहेर पडण्याचा दंड ५ कोटी २० लाख डॉलर लावला गेला आणि शेवटी ३ कोटी १४ लाखांवर तडजोड झाली. अध्यक्ष वॉलेस लोह यांच्यावर निष्ठा सोडल्याचा आरोप झाला. बंद पडलेल्या सात संघांच्या मुलामुलींकडे पाहिलं तर लोह यांच्यापुढचा पेच खरा होता हे मान्य करावं लागतं.

अफवांचं आजचं रूप मात्र जन्मलं २०१० च्या जूनमध्ये. बिग टेननं आदल्या डिसेंबरात विस्ताराचा विचार जाहीर केला होता. पॅक-टेनचे कमिशनर लॅरी स्कॉट यांनी त्याहून मोठा डाव मांडला: टेक्सस, ए अँड एम, टेक्सस टेक, ओक्लाहोमा, ओक्लाहोमा स्टेट आणि कोलोरॅडो या सहांना एकदम आणून सोळांची कॉन्फरन्स. टेक्ससच्या वार्ताहरांनी ही योजना उघड केली आणि दहा-बारा दिवस देशाचं भान हरपलं. विद्यापीठांच्या खासगी विमानांचे उड्डाणमार्ग चाहते ताडून पाहू लागले. कुठल्या नियामक मंडळानं तातडीच्या बैठकीची नोटीस लावली, तिच्यात बंद सभेचा विषय आहे का, हे पाहणं पत्रकारांचं रोजचं काम झालं. ही खूण पुष्कळदा खरी ठरते, कारण सार्वजनिक विद्यापीठाला सभेची सूचना द्यावीच लागते. १० जूनला कोलोरॅडो पश्चिमेकडे गेलं, ११ जूनला नेब्रास्का बिग टेनमध्ये. बाकीचेही जाणार असं धरून चालत असताना टेक्ससनं पाऊल मागे घेतलं आणि योजना फसली.

त्या दिवसांत कॅन्ससची अवस्था बघायला हवी होती. बास्केटबॉलचे जनक जेम्स नेस्मिथ या विद्यापीठाचे पहिले प्रशिक्षक. त्या खेळात त्याच्याइतकी परंपरा फार थोड्यांकडे आहे. पण टीव्हीचा पैसा फुटबॉलचा, आणि फुटबॉलमध्ये कॅन्सस दुबळं. त्यामुळे ते उघड्यावर पडायच्या बेतात होतं. एका खेळाचा वारसा दुसऱ्या खेळाच्या तराजूत शून्य ठरला.

टेक्सस थांबलं ते फुकट नाही. जानेवारी २०११ मध्ये ईएसपीएन या क्रीडावाहिनीनं त्यांच्यासाठी लाँगहॉर्न नेटवर्क ही वाहिनी जाहीर केली, वीस वर्षांसाठी ३० कोटी डॉलर. तिच्यावर शालेय सामनेही दाखवायचा बेत होता. ए अँड एमला हे असह्य झालं, कारण खेळाडू निवडले जातात ते शाळांमधूनच. ते एसईसीत गेलं, पाठोपाठ मिसूरी गेलं. १८९४ पासूनचा टेक्सस-ए अँड एम सामना २०११ च्या थँक्सगिव्हिंगनंतर बंद पडला. १८९१ पासूनची कॅन्सस-मिसूरीची चुरसही त्याच वर्षी थांबली. दोन्ही आता पुन्हा सुरू झाल्या आहेत, पहिली २०२४ मध्ये, दुसरी २०२५ मध्ये. पण मध्ये एक अख्खी पिढी त्या सामन्यांवाचून शिकून बाहेर पडली.

पडद्यामागची सूत्रं कोण हलवतं यावर एकदाच कुणीतरी जबाबदार माणूस उघड बोलला. ऑक्टोबर २०११ मध्ये बॉस्टन कॉलेजचे क्रीडा संचालक जीन डीफिलिपो यांनी ‘बॉस्टन ग्लोब’ला सांगितलं की सिरॅक्यूज आणि पिट्सबर्गला एसीसीत घेताना काय करायचं ते ईएसपीएननंच आम्हाला सांगितलं. त्यांना ते विधान मागे घ्यावं लागलं आणि ईएसपीएननं इन्कार केला. दहा वर्षांनी टेक्सस-ओक्लाहोमाची बातमी फुटल्यावर बिग ट्वेल्व्हचे कमिशनर बॉब बोल्सबी यांनी ईएसपीएनला लेखी नोटीसच धाडली: आमचे सभासद फोडायचं थांबवा. ईएसपीएननं तेही नाकारलं.

केबलची घरं तोवर गळू लागली होती. लोक जोडण्या तोडून इंटरनेटवरून पाहू लागले आणि घरांच्या संख्येऐवजी खरोखर किती डोळे लागतात याला भाव आला. ज्यांना देशभर पाहिलं जातं अशी नावं दोन-तीन ठिकाणी एकवटायला लागली. टेक्सस-ओक्लाहोमा प्रकरणानंतर घाबरलेल्या बिग टेन, एसीसी आणि पॅक-ट्वेल्व्ह यांनी ऑगस्ट २०२१ मध्ये आपसात युती जाहीर केली. कागदावर सही काही नव्हती. विश्वास पुरेसा आहे, असं कमिशनरांनी सांगितलं. दहा महिन्यांत, ३० जून २०२२ रोजी, बिग टेननं पॅक-ट्वेल्व्हमधून लॉस एंजलिसची यूएससी आणि यूसीएलए ही दोन विद्यापीठं नेली. ऑगस्टमध्ये फॉक्स, सीबीएस आणि एनबीसी यांच्याशी सात वर्षांचा ७०० कोटी डॉलरहून मोठा करार झाला.

यूसीएलए हे कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठाचं अंग, आणि बर्कली त्याचं सख्खं भावंड. राज्यपाल गॅव्हिन न्यूसम यांनी जाहीरपणे विचारलं की जनतेच्या विद्यापीठानं एवढा निर्णय जनतेला न सांगता कसा घेतला. त्या प्रश्नाला आजही समाधानकारक उत्तर नाही. अखेर डिसेंबरमध्ये नियामक मंडळानं जायला मंजुरी दिली, पण यूसीएलएनं बर्कलीला भरपाई द्यावी अशी अट घातली. २०२४ मध्ये ती वर्षाला एक कोटी डॉलर ठरली.

पॅक-ट्वेल्व्हचा शेवट वर्षभर अफवांतच चालला होता. २०१२ मध्ये काढलेली त्यांची वाहिनी संपूर्ण स्वतःच्या मालकीची होती. मोठा भागीदार नसल्यामुळे ती डायरेक्टटीव्हीच्या लाखो घरांत कधी पोचलीच नाही. नव्या कराराची बोलणी लांबत गेली. तेवढ्यात ऑक्टोबर २०२२ मध्ये बिग ट्वेल्व्हचे नवे कमिशनर ब्रेट योरमार्क यांनी ईएसपीएन आणि फॉक्सशी २०३०-३१ पर्यंतचा करार आधीच उरकला आणि बाजारातला पैसा उचलला. करार होतोच आहे, असं पॅक-ट्वेल्व्हकडून सांगितलं जात राहिलं. २७ जुलै २०२३ रोजी कोलोरॅडो सोडून गेलं. शेवटी समोर आला तो ॲपलचा प्रस्ताव: सामने फक्त वर्गणी भरणाऱ्यांना, आणि वर्गणीदार वाढले तर पैसे वाढतील. हमीची रक्कम बिग टेनच्या जवळपासही जात नव्हती. ४ ऑगस्टच्या सकाळी उरलेले नऊ जण सह्या करतील अशी अपेक्षा होती. दिवस मावळेपर्यंत ओरेगन आणि वॉशिंग्टन पूर्ण वाट्याहून कमी रकमेवर बिग टेनमध्ये गेले होते. ॲरिझोना, ॲरिझोना स्टेट आणि युटा बिग ट्वेल्व्हमध्ये. १०८ वर्षांची कॉन्फरन्स एका शुक्रवारी फुटली.

सप्टेंबरात स्टॅनफर्ड आणि बर्कली, पॅसिफिक किनाऱ्यावरची ही दोन्ही, अटलांटिक कोस्ट कॉन्फरन्समध्ये दाखल झाली, पहिली सात वर्षं तीस टक्के वाट्यावर. त्यांच्याबरोबर सदर्न मेथडिस्ट आलं, नऊ वर्षं टीव्हीचा वाटा न घेण्याच्या बोलीवर. त्यांच्या धनाढ्य माजी विद्यार्थ्यांनी आठवड्याभरात दहा कोटी डॉलरची आश्वासनं गोळा केली. १९९५ मध्ये मागे टाकलेलं विद्यापीठ अशा रीतीनं परत वर चढलं.

फुटबॉलचा संघ मोसमात बाराच सामने खेळतो आणि खास विमानानं जातो. हा प्रवास खरा भोगतात ते बाकीचे. लॉस एंजलिस ते न्यू जर्सी जवळपास चार हजार किलोमीटर. व्हॉलीबॉल, सॉफ्टबॉल, सॉकर खेळणाऱ्या मुलींना आठवड्याच्या मध्यावर खंड ओलांडावा लागतो आणि परीक्षेसाठी परतावं लागतं. त्यांच्या खेळाला टीव्हीचा पैसा म्हणण्यासारखा मिळत नाही, त्यांना मतही विचारलं गेलं नव्हतं. पामर हाउसमध्ये जमलेल्या अध्यक्षांनी आधी विद्यार्थी आणि मग खेळाडू, असा क्रम लावला होता. नकाशाच्या ताज्या आवृत्तीत तो शोधूनही सापडत नाही.

विद्यापीठांच्या उत्पन्नातला वाटा खेळाडूंच्या हाती यायला २०२५ उजाडलं. त्या जूनमध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्केन यांनी मंजूर केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठांना पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत रक्कम खेळाडूंना थेट वाटायची मुभा मिळाली. हा हक्क उशिरा आला, पण आला हे चांगलंच. त्याबरोबर टीव्हीच्या पैशाची निकडही वाढली. फ्लोरिडा स्टेट आणि क्लेमसन या सभासदांनीच एसीसीवर खटले भरले होते. एसीसीनं २०३६ पर्यंतचे प्रक्षेपण हक्क सभासदांकडून लिहून घेतले आहेत, म्हणून नुसता दंड भरून बाहेर पडणं सोपं नव्हतं. मार्च २०२५ मध्ये समझोता झाला: ज्याचे सामने जास्त पाहिले जातात त्याला जास्त वाटा, आणि बाहेर पडण्याची किंमत दरवर्षी उतरत जाऊन २०३०-३१ मध्ये साडेसात कोटी डॉलर.

म्हणून सध्याच्या सगळ्या अफवांमध्ये एकच काळ ऐकू येतो. बिग टेनचा करार २०२९-३० अखेर संपतो, बिग ट्वेल्व्हचा त्याच्या पुढच्या वर्षी, आणि एसीसीचं दार तेव्हाच स्वस्त होतं. पॅक-ट्वेल्व्हमध्ये ओरेगन स्टेट आणि वॉशिंग्टन स्टेट हे दोघेच मागे उरले होते. कोर्टात जाऊन त्यांनी कॉन्फरन्सचा ताबा आणि गंगाजळी मिळवली आणि २०२६ पासून खेळण्यासाठी बॉइसी स्टेट, सॅन डिएगो स्टेट, फ्रेस्नो स्टेट, कोलोरॅडो स्टेट, युटा स्टेट, टेक्सस स्टेट आणि गोंझागा यांना बरोबर घेतलं. त्यांनी सीबीएसशी केलेला करारही २०३०-३१ पर्यंतचाच आहे.